फॉर्मवरचा एक रकाना आणि अंबरनाथचा शिलालेख

गेल्या उन्हाळ्यात बदलापूरला आमच्या पुतण्याचा मंगल परिणय होता. आम्ही मूळचे अंबरनाथचे. पण नोकरीनिमित्त नांदेडला गेलो आणि पुढे तिकडचेच झालो. त्यामुळे कल्याणच्या पुढची लोकल आम्ही कित्येक वर्षांत धरली नव्हती. या खेपेला बारावीची परीक्षा दिलेली नात हट्टाने बरोबर आली. कॉलेजच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या कागदांची फाईल तिने प्रवासातही जवळ ठेवली होती.

कल्याण यायच्या आधी तिने फाईल उघडली आणि विचारले, "आजोबा, शाळेच्या दाखल्यावर माझा धर्म बौद्ध आहे. जातीच्या दाखल्यावर महार लिहिलंय. मग आपण नक्की कोण?"

प्रश्न साधा होता. पण आमच्या तोंडून लगेच उत्तर निघेना. या एका रकान्यापायी आम्ही आमचा कॉलेजातला जिवाभावाचा मित्र गमावला होता. ती गोष्ट घरात आम्ही कधी सांगितलीच नव्हती. "सांगतो, अंबरनाथला गेल्यावर सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली.

बदलापूर आता ओळखू येत नाही. आमच्या वेळी भाताची खाचरे होती, तिथे सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. या गावाला मात्र आपल्या चळवळीच्या इतिहासात जागा आहे, ती नव्या रहिवाशांना क्वचितच ठाऊक असते. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सुमारे दीड महिन्यात, मे १९२७ मध्ये, याच बदलापुरात शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब आले होते. आम्ही हे नातीला सांगत असतानाच मांडवात मागच्या खुर्चीवर बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या माणसाकडे नजर गेली. तोही आमच्याकडेच बघत होता.

तोच तो. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्रिसरण-पंचशील होईपर्यंत दोघेही जागचे हललो नाही. जेवणाच्या वेळी तोच जवळ आला. म्हणाला, "जयभीम. उद्या सकाळी देवळाकडे ये. आपल्या जागेवर." एवढेच बोलला आणि गेला.

कॅम्पातले कॉलेज

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन आधी उल्हासनगर स्टेशनवर उतरलो. तिला आमचे कॉलेज दाखवायचे होते.

उल्हासनगरची जन्मकथा नव्या पिढीने ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. लोक तिला कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ च्या फाळणीत सिंधमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांना सरकारने या छावणीच्या बराकींत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून ते घेतले. पण लोकांच्या तोंडचा 'कॅम्प' काही सुटला नाही. आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर दोन, कॅम्प नंबर चार असेच म्हणतात.

स्टेशनसमोरच आमचे चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड या संस्थेचे. फाळणीला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९४९ साली, उखडल्या गेलेल्या माणसांनी ही संस्था मुंबईत काढली. डोक्यावर धड छप्पर नसताना त्यांना कॉलेज काढावेसे वाटले! बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेही याच ओढीने. ज्याचे सारे काही हिरावले गेले आहे, त्याला शिक्षणाची किंमत बरोबर कळते.

आम्ही जून १९७९ मध्ये तिथे कला शाखेत नाव घातले. आमच्या बाकावर एका बाजूला सिंधी निर्वासिताचा मुलगा, दुसऱ्या बाजूला आमचा हा मित्र. सिंधी मुलाच्या आजोबांचे घर सरहद्दीपलीकडे राहिलेले आणि आमचे आजोबा गावकुसाबाहेरचे. मधल्या सुट्टीत मात्र तिघांचा डबा एक. त्याच्या डब्यात पापड, आमच्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारे आम्ही पहिलेच. आमचा मित्रही त्याच्या घरातला पहिला. त्याचे वडील परळच्या गिरणीत होते. रोज पहाटे अंबरनाथहून लोकल धरायचे. तो स्वतः संध्याकाळी कॅम्पात कपड्याच्या दुकानात कापड मोजायचा. पुस्तके दोघांत मिळून एक. रेल्वेचा पास संपला आणि हातात पैसे नसले की उल्हासनगर ते अंबरनाथ आम्ही पायीच यायचो.

नातीने कॉलेजच्या फाटकातून आत डोकावून पाहिले. फाटकावरच्या रखवालदाराला आम्ही सांगितले, "आम्ही इथले विद्यार्थी." इतक्या वर्षांनी ते वाक्य बोलताना आवाज थोडा कापला, हे कबूल करतो.

देवळाच्या सावलीतला अभ्यास

अंबरनाथ म्हणजे कारखान्यांचे गाव. विम्कोची आगपेटी इथली. त्या कारखान्याचे नाव आता विम्को नाक्याच्या रूपाने लोकांच्या तोंडी राहिले आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी इथली. भोंग्यावर गाव उठायचे आणि भोंग्यावर जेवायचे. पण या गावाची खरी ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी, काळ्या पाषाणाचे शिवमंदिर आहे. आम्ही अभ्यास करायचो तो याच मंदिराच्या आवारात.

घरात दहा बाय दहाची एक खोली, माणसे सात. दिवा रात्री नऊला मालवायचा, कारण पहाटपाळीला जाणाऱ्यांना झोप हवी. मग सुट्टीच्या दिवशी सकाळीच पुस्तके काखेत मारून आम्ही दोघे देवळाकडे निघायचो. वस्तीतले एक वडीलधारे एकदा रागावले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना रे? मग देवळात काय करता?" मित्र पटकन म्हणाला, "बाबा, देवासाठी नाही जात. सावलीसाठी जातो." बाबांनाही हसू आवरले नाही.

आमच्या इतिहासाच्या सरांमुळे त्या सावलीला अर्थ आला. मंदिरात एक शिलालेख आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ कोरलेला आहे. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. या लेखात मांमवाणी ऊर्फ मुम्मुणी या शिलाहार राजाचे नाव येते. इंग्रजांच्या काळात, १८६८ साली, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी इथल्या शिल्पांची चित्रे काढून नेली होती. बाहेरच्या भिंतींवर बोटभर जागा कोरीव कामावाचून सुटलेली नाही. गाभाऱ्यात जायचे तर पायऱ्या खाली उतरावे लागते आणि वर पाहिले तर कळसाच्या जागी उघडे आकाश दिसते.

सरांनी वर्गात एकदा विचारले होते, "राजाचे नाव आपल्याला कळले. पण छिन्नी चालवणाऱ्या हातांपैकी किती जणांची नावे तुम्ही सांगू शकाल?" वर्ग गप्प झाला. आमचा मित्र तेवढा हळूच पुटपुटला, "आमच्यासारख्यांची नावं कोण कोरणार?"

याला उत्तर सरांनीच पुढे दिले. एकदा ते आम्हाला कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांवर घेऊन गेले. राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातली ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. चैत्याच्या दर्शनी भागात एका झिजलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरली आहे. कान्ह याचा शिष्य बालक याने हे केले, असा तिचा अर्थ. त्या लेखात शिष्याला 'अंतेवासी' म्हटले आहे. म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. राजा नाही, सावकार नाही, एका विद्यार्थ्याचे नाव! मित्र त्या अक्षरांकडे कितीतरी वेळ बघत राहिला. परतीच्या वाटेवर म्हणाला, "आपलं नाव आपणच लिहायचं असतं बघ."

तो रकाना

आता रकान्याची गोष्ट. प्रवेशाच्या फॉर्मवर धर्म आणि जात असे दोन रकाने होते. आम्ही दोघांनी ठसठशीत अक्षरांत 'बौद्ध' लिहिले. वस्तीतले एक शहाणे गृहस्थ म्हणाले होते, "पोरांनो, पुढे दिल्लीची नोकरी हवी असेल तर कागद जपून भरा."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. पण राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू धर्माबाहेरच्या कुणालाही अनुसूचित जातीचे मानले जाणार नाही, अशी तरतूद होती. १९५६ साली त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला. बौद्ध मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, म्हणून आमची फी माफ झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र कागदावर बौद्ध लिहिणाऱ्याला राखीव जागा नव्हती. अंबरनाथसारख्या, केंद्राचे कारखाने असलेल्या गावात याचा अर्थ काय होता, ते ज्याच्या घरात दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे होती त्यालाच कळेल. घरात बुद्धवंदना व्हायची आणि पत्र्याच्या पेटीतल्या दाखल्यावर 'हिंदू महार' असायचे, अशी किती घरे होती याची गणती नाही.

दिवसही तापलेले होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळण्यात आल्या. नावासाठी माणसे मरत होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. आमच्या अंगात तेव्हा विशीचे रक्त होते. आम्हाला जगात दोनच रंग दिसत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. मित्राच्या घरचा पगार थांबला. मार्चमध्ये तो कॉलेजला यायचा बंद झाला. काही महिन्यांनी एके दिवशी देवळाच्या आवारात भेटला. केंद्र सरकारच्या एका खात्यात जागा निघाली होती. त्याने जुन्या जातीचा दाखला काढला होता. हिंदू महार.

आम्ही त्याला काय बोललो ते इथे लिहिताना आजही हात थांबतो. आम्ही म्हणालो, "पोटासाठी तू बाबासाहेबांचं नाव पुसलंस." त्याने एक शब्दही उलट काढला नाही. दोघांत मिळून घेतलेले अर्थशास्त्राचे पुस्तक पायरीवर ठेवले आणि उठून गेला. आमची पदवी त्याच वर्षी झाली, पुढे राज्य सरकारची नोकरी मिळाली. त्याची पदवी राहिली ती राहिलीच. त्यानंतर आम्ही त्याला पाहिले ते परवा बदलापूरच्या मांडवात.

चाळीस वर्षांनंतर

तो आमच्या आधी येऊन बसला होता. त्याच पायरीवर. मंदिर आता पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. वालधुनीचे पाणी आमच्या वेळीही निर्मळ नव्हते. आता कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचा नाला झाला आहे. पाषाण मात्र तसाच आहे, उन्हातही गार.

नातीने त्याला वाकून जयभीम केला. थोडा वेळ कुणीच बोलेना. शेवटी आम्हीच म्हणालो, "त्या दिवशी मी फार बोललो. मी चुकलो."

तो म्हणाला, "तू बोललास ते मला टोचलं, कारण ते मला आधीच टोचत होतं. दाखला घेऊन घरी आलो तेव्हा आई काहीच बोलली नाही. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तिनं पदरानं पुसला आणि चुलीकडे गेली. पण त्या पगारावर बाप जगला. दोन्ही बहिणी आपल्याच कॉलेजातून बी. ए. झाल्या."

मग त्याने पुढची हकिगत सांगितली. १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, संसदेने तो १९५० चा आदेश दुरुस्त केला आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले. बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले तेही त्याच वर्षी. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी हा दरवाजा उघडला. आमच्या मित्राने त्याच वर्षी ऑफिसात अर्ज दिला की आपल्या सेवापुस्तकात धर्म बौद्ध असा लिहावा. हाताखालचा कुणी म्हणाला, "आता कशाला? नोकरी तर पक्की झाली." हा म्हणाला, "नोकरीसाठी नाही. नावासाठी."

त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. सेवापुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स. घड्यांवर झिजून जाळी पडलेली. "हा माझा शिलालेख," म्हणाला आणि हसला. आम्हाला हसता आले नाही.

नात इतका वेळ ऐकत होती. तिने त्याला विचारले, "मग आजोबा, माझ्या फाईलमध्ये दोन वेगळे शब्द का?" उत्तर त्यानेच दिले. "बाळ, एक शब्द लोकांनी आपल्याला काय केलं होतं त्याचा पुरावा आहे. त्यावर सवलत मिळते, ती घ्यायची, लाजायचं नाही. दुसरा शब्द आपण स्वतः कोण व्हायचं ठरवलं तो आहे. पहिला सरकारला दाखवायचा. दुसरा जगून दाखवायचा."

आम्ही पदवीधर. पण गाडीत नातीला हे उत्तर आम्हाला देता आले नव्हते.

घरातल्या कागदांविषयी

वाचकहो, ही आमची खाजगी गोष्ट सांगायचे कारण एवढेच, की तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असा एखादा दाखला पेटीच्या तळाशी असेल आणि त्यापायी दुरावलेला एखादा भाऊ, मेहुणा, मित्रही असेल. ज्यांनी त्या काळी कागदावर बौद्ध लिहून नोकरीवर पाणी सोडले, त्यांचा त्याग मोठाच. पण ज्यांनी जुना दाखला काढून घर तगवले, त्यांना गद्दार म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. दोष त्या पोराचा नव्हता. धर्म बदलला म्हणून जात सोडून जाते, असे मानणाऱ्या कायद्याचा होता. धर्म बदलल्यावर गावातली विहीर आपोआप खुली झाली होती काय?

आता तो कायदा तसा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांतले ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. जनगणनेचा माणूस दारात आला की धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात आपली अनुसूचित जात, दोन्ही सांगता येतात. त्याने एकाने दुसऱ्याला बाध येत नाही. जे खरे ते निर्धास्त सांगावे.

कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना आणखी एक सांगणे. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, जुने महसुली कागद, जे असेल ते आजच शोधून ठेवा. त्यावर जुन्या जातीचे नाव असेल, ते वाचून मन खट्टू होईल. तरी तो कागद फाडू नका. तोच तुमच्या नातीच्या प्रवेशाला उपयोगी पडेल. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज केलेला बरा.

आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन अंबरनाथला जा. देवाला जा असे आम्ही म्हणत नाही. पाषाण बघायला जा. जमले तर कर्जतला उतरून पुढे कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत पायपीट करा, पावसाळ्यात मात्र वाट जपून धरा. तिथे एका विद्यार्थ्याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेले आपले नाव मुलांना बोट लावून नव्हे, पण बोट दाखवून नक्की दाखवा.

परतताना मित्र स्टेशनपर्यंत सोडायला आला. लोकल यायला अवकाश होता. नातीने फाईल मांडीवर घेऊन प्रवेशाचा फॉर्म काढला, पेन मागितले. आम्ही खिसा चाचपला, पेन नव्हते. मित्राने आपले दिले. तिने धर्माच्या रकान्यात लिहिले, जातीच्या रकान्यात लिहिले आणि पेन परत करू लागली. तो म्हणाला, "राहू दे तुझ्याजवळ. अजून पुष्कळ फॉर्म भरायचेत."